डिमेन्शियाचं निदान झालं, आता घरच्यांना साथ कुणाची?

1 ऑगस्टला गोव्यातली मासेमारी बंदी उठते. पुरुष दर्यावर, बायका मासळी घेऊन बाजारात. मग ज्या घरातल्या म्हाताऱ्या तांडेलाला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालाय, त्यांच्याजवळ बसायचं कुणी? बहुतेक वेळा एकट्या सुनेनं. तिचा धंदा बुडतो, झोप जाते. आम्हाला हे पटत नाही.

हा मेंदूचा आजार आहे. वेड नव्हे, बाधा नव्हे. बहुतेकांचा तो पूर्ण बरा होत नाही, पण घरच्यांचा भार हलका होऊ शकतो. गोव्यातच 81 कुटुंबांवर झालेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित स्थानिक मदतनीस घरी जाऊन सगळं समजावून सांगत, धीर देत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचा मानसिक त्रास कमी झाला.

रापण काही एकट्यानं ओढता येत नाही. हेही तसंच. शेजाऱ्यांनी आळीपाळीनं दोन तास बसावं. होडीमालकांनी अशा घरच्या खलाशाला अडचणीला सुट्टी द्यावी, वाटा कापू नये. काकांना एकटं होडीवर सोडू नका, पण जाळी सांधायला जरूर बसवा. हाताची सवय बराच काळ टिकते. नाव विसरले तर हसू नका. होडीचे कागद, बँकेचं नॉमिनेशन त्यांना समजतंय तोवरच त्यांच्याशी बोलून पूर्ण करा.

सल्ल्यासाठी मोफत फोन: ज्येष्ठांची एल्डरलाइन 14567, टेलिमानस 14416.

तुमच्या वाड्यावर असं घर असेल तर आजच जाऊन विचारा, “वहिनी, उद्या बाजाराला जाताय ना? आम्ही बसतो काकांजवळ.”