चौथे तिकीट

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की आमच्या घरात प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. चकल्या मऊ पडायच्या आत कुणाच्या तरी घरी पोचल्या पाहिजेत, असा आमच्या आईचा दंडक आहे. २०१३ च्या नोव्हेंबरात त्या चकल्या मुंबईला निघाल्या, त्याला निमित्त मात्र वेगळे होते. सचिन तेंडुलकरची दोनशेवी आणि शेवटची कसोटी १४ तारखेपासून वानखेडे स्टेडियमवर होती. माझ्या आतेभावाच्या क्लबाला मिळालेल्या तिकिटांपैकी पहिल्या दिवसाची तीन त्याने आमच्यासाठी राखून ठेवली होती.

तिकिटे तीन आणि माणसे चार! तीन तिगाडा म्हणतात तो हाच. पण आमचा हिशेब चटकन सुटला. मी, सौ. आणि चिरंजीव मॅचला जायचे. आईला गिरगावात आत्याकडे सोडायचे. दोघी नणंदा-भावजया दिवसभर बोलत बसतील. आईला क्रिकेटमधले काय कळते? हा प्रश्न मी विचारला नाही. तो विचारण्याजोगा आहे हेच माझ्या ध्यानात आले नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सौ. वर्तमानपत्र वाचत होती. मध्येच म्हणाली, "अहो, सचिनची आई येणार आहे मॅचला. त्याला प्रत्यक्ष खेळताना तिने आजवर कधीच पाहिलेलं नाही म्हणे. तिला बघता यावं म्हणून त्यानेच ही मॅच मुंबईत मागून घेतली."

"हो, वाचलंय मी," मी बॅगेचा पट्टा ओढत म्हणालो.

"मग माझं तिकीट आईंना द्या. मी गिरगावात टीव्हीवर बघीन."

बायका असा निर्णय घेतात तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो. शिवाय, खोटे कशाला बोलू, टीव्हीवर खेळ जास्त चांगला दिसतो हे तिला ठाऊक होते.

लोट्याच्या थांब्यावर रात्रीची एस. टी. पकडली. मागे वसाहतीतल्या कारखान्यांचे दिवे दिसत होते. सकाळी गिरगावात आंघोळी उरकल्या. खाण्याचे डबे आत नेऊ देत नाहीत, अशी ताकीद आतेभावाने देऊन ठेवली होती. म्हणून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून आम्ही चकल्या आणि थालीपीठ संपवले. उरलेली चकली आईने शेजारच्या एका अनोळखी पोराच्या हातावर ठेवली. त्याच्या दोन्ही गालांवर तिरंगा रंगवलेला होता.

नाणेफेक धोनीने जिंकली आणि वेस्ट इंडीजला खेळायला दिले. आई पदर सावरून, देवळात कीर्तनाला बसावे तशी बसली होती. "तो सीमेवरचा पोरगा सकाळपासून उभाच आहे, त्याला कुणी पाणी तरी द्या रे," एवढीच तिची पहिल्या दोन तासांतली टीका. प्रग्यान ओझाने पाच गडी टिपले आणि चहापर्यंत पाहुण्यांचा डाव १८२ धावांत आटोपला. मग विजय आणि धवन छान खेळू लागले. लोकांना मात्र ते पसंत नव्हते! ७७ धावांवर शिलिंगफर्डने धवनला उडवले आणि त्याच षटकात विजयलाही. अख्खे स्टेडियम आनंदाने उभे राहिले.

"आपलाच ना रे तो?" आई घाबरून म्हणाली. "मग टाळ्या कसल्या वाजवता मेल्यांनो?"

चिरंजीवांनी आजीला समजावले तोवर सचिन पायऱ्या उतरून मैदानावर आला होता. वेस्ट इंडीजच्या खेळाडूंनी दोन रांगा करून त्याला मधून वाट दिली. त्यानंतरचा गजर मी सांगत बसत नाही; ज्यांनी ऐकला त्यांच्या कानांत तो अजून असेल. माझा घसा बसला.

खेळ संपत आला. शेवटच्या षटकात मोठ्या पडद्यावर एकाएकी सचिनची आई दिसली. चाकांच्या खुर्चीत बसलेली, साधीशी. लोक पुन्हा उभे राहिले. या वेळी त्या माउलीसाठी. आमची आईही उभी राहिली. गुडघ्यांचे दुखणे त्या घटकेला कुठे गेले कोण जाणे. सचिन ३८ धावांवर नाबाद परतला.

"इतकी वर्षं ती आलीच नाही?" आईने विचारले.

"नाही. या वेळी त्याने बोलावलं, म्हणून आली."

"बोलावलं तर कोण येत नाही?" आई मैदानाकडे बघत म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारले, "तू खेळायचास, तेव्हा मला कधी बोलावलं नाहीस ते?"

गर्दी बाहेर सरकत होती. चिरंजीव माझ्या तोंडाकडे बघत होते. मी काय सांगणार? १९८३ साली कपिलदेवने वर्ल्ड कप आणला, त्या हिवाळ्यात खेडच्या गोळीबार मैदानावर मी शाळेकडून खेळलो होतो. त्याआधी झावळीच्या देठाची बॅट करून कातळावर खेळलो होतो, आणि गुडघे फोडून आल्याबद्दल आईचा मार खाल्ला होता. तिला या खेळाचा राग आहे अशी माझी समजूत. शिवाय नऊवारीतली आई मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली असती, तर पोरे हसली असती, ही भीती. ती मात्र मी तिला सांगितली नाही.

"तुला घरात कामं असायची," मी म्हणालो.

"कामं काय, आजही होती," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सचिन ७४ धावांवर बाद झाला तो गिरगावात टीव्हीवर चौघांनी मिळून पाहिला. रात्रीच्या एस. टी. ने परत निघालो. पनवेल सुटल्यावर दिवे विझले. सौ. आणि चिरंजीव झोपले. मलाही डुलकी लागत होती, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"खेडला किती धावा केल्या होत्यास?"

"एकेचाळीस."

"बाद कसा झालास?"

"झेल गेला. चिपळूणच्या एका पोराने धावत येऊन घेतला."

आई थोडा वेळ गप्प बसली. मग काळोखातच म्हणाली, "मेल्याने सोडला असता, तर काय बिघडलं असतं?"