‘फोटोजेनी’ म्हणजे देखणेपण नव्हे

चित्रपट-रसास्वादाच्या एका अभ्यासपुस्तिकेत ‘फोटोजेनी’ ह्या फ्रेंच संज्ञेपुढे ‘छायाचित्रात खुलून दिसण्याचा गुण’ असा अर्थ दिलेला आमच्या पाहण्यात आला. लग्नासाठी काढलेल्या फोटोंबाबत तो चालून जाईल. परंतु विद्यार्थी तोच पाठ करून परीक्षेला बसणार, म्हणून त्याविषयी गप्प बसणे आम्हांस योग्य वाटत नाही.

मुळात हा शब्द चेहऱ्यासाठी जन्मला नाही. १८३९ साली टॅलबट यांनी रासायनिक कागदावर पाने आणि लेस ठेवून उमटवलेल्या ठशांना ‘फोटोजेनिक’ रेखाटने म्हटले. अर्थ एवढाच, की प्रकाशातून उपजलेली. पुढे हे विशेषण चित्राकडून चित्रविषयाकडे सरकले आणि १९२० साली लुई देलुक यांनी ‘फोटोजेनी’ ह्याच नावाचे पुस्तक लिहून ते चित्रपटविचारात रुजवले.

झाँ एप्स्टाइन यांनी त्याला जी धार दिली, ती तर पुस्तिकाकारांच्या गावीही नाही. वस्तू, जीव अथवा मन ह्यांचे जे अंग चित्रपटात उतरल्यामुळे ‘नैतिक’दृष्ट्या वाढते, ते फोटोजेनिक, असे त्यांचे म्हणणे. (फ्रेंचमधील हा शब्द आपल्या ‘नैतिक’पेक्षा ऐसपैस आहे, आंतरिक, मानसिक हेही त्यात येते. मराठीत नुसते ‘नैतिक’ लिहिणारे दुसरा घोटाळा करतात.) शिवाय हे अंग स्थळात आणि काळात चल असले पाहिजे, अशीही अट त्यांनी घातली. म्हणजे जो स्थिर, रेखीव चेहरा आमचे पुस्तिकाकार उदाहरण म्हणून देतात, तो केवळ रेखीव असल्याने ह्या कसोटीस उतरतच नाही!

एप्स्टाइन यांच्या ‘कर फिदेल’ (१९२३) ह्या चित्रपटातील जत्रेचा प्रसंग पाहावा. नको असलेल्या पुरुषाशेजारी मारी फिरत्या पाळण्यात बसली आहे आणि कॅमेराही त्याच पाळण्यावर चढवलेला आहे. मागची जत्रा रेघोट्यांसारखी पुसली जाते. चेहरा मात्र समोरच राहतो, खिन्न आणि अडकलेला. अभिनेत्री जीना मानेस सुंदर आहे हे मान्य. पण येथे जे घडते ते त्या सौंदर्यातून नव्हे, तर फिरण्याच्या वेगातून आणि चौकटीतून. ‘फिनिस तेरे’ (१९२९) मध्ये तर ब्रिटनीच्या बेटांवरील रहिवासीच नट आहेत आणि समुद्रशेवाळ जाळल्याचा धूर, एका तरुणाचा चिघळलेला अंगठा ह्यांना चेहऱ्याइतकेच मोल आहे. चिघळलेल्या अंगठ्याला ‘खुलून दिसणारा’ कोण म्हणेल?

ह्याउलट ‘फोटोजेनी शब्दांत सांगता येत नाही, ती अनुभवावी’ असे म्हणून डोळे मिटणारे समीक्षकही आम्हांस मान्य नाहीत. संज्ञा धूसर आहे, आणि एप्स्टाइन यांच्या लेखनात गूढतेचा सोस आहे, हे खरेच. तथापि कॅमेरा कुठे ठेवला, किती जवळून आणि किती वेळ पाहिले, हे सगळे सांगता येते. ते न सांगता नुसते भारावणे म्हणजे अभ्यासाला दिलेली बगल होय.

मराठी प्रतिशब्द घडवण्याची घाई तूर्त नको. ‘फोटोजेनी’ हाच शब्द ठेवावा, ‘फोटोजेनिक’पासून तो काटेकोरपणे वेगळा करावा, आणि अध्यापकांनी वर्गात व्याख्या लिहून देण्याआधी तो पाळण्याचा प्रसंग दोनदा दाखवावा: एकदा नुसता चेहरा पाहण्यासाठी, एकदा नुसती पार्श्वभूमी.