आभाळ सर्वांचे, मग आवाज कुणाच्या वाट्याला?

आकाशाला मालक नसतो, असे कायदा सांगतो. ज्याला मालक नाही ते सर्वांचे, असे सामान्य माणूस समजतो. पण 'सर्वांचे' म्हणून जे जे सांगितले जाते ते प्रत्यक्षात कुणाच्या हाती जाते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवण्याची गरज नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे ठराव करून सर्वांना खुले केले होते. तरीही त्या पाण्याची ओंजळ भरण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन चालत जावे लागले, आणि त्यावरचा कोर्टातला वाद मिटायला १९३७ साल उजाडले. कागदावर सार्वजनिक आणि व्यवहारात खाजगी, ही युक्ती जुनीच आहे. आज ती आभाळापर्यंत पोहोचली आहे. लंडनच्या हेलिकॉप्टर सहलींवरून हे नीट समजून घेता येते.

लंडन हे थेम्स नदीवर वसलेले, रोमन काळापासूनचे शहर. या शहराचे वरून दर्शन घडवणाऱ्या खाजगी सहली तेथे वर्षानुवर्षे चालू आहेत. माणशी दीडशे ते अडीचशे पौंड मोजायचे, हेलिकॉप्टरमध्ये बसायचे आणि पंधरा-वीस मिनिटांत वेस्टमिन्स्टरची संसद, सेंट पॉलचे चर्च, टॉवर ब्रिज, ग्रीनिच हे सगळे पायाखाली पाहून परत यायचे. ब्रिटनमध्ये २०२५ साली प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स होते. म्हणजे दोनशे पौंडांचे तिकीट काढायला झाडूवाल्याची किंवा हॉटेलात भांडी घासणाऱ्याची दोन दिवसांची मजुरी जाते, आणि दर्शन मिळते ते पंधरा मिनिटांचे. ज्याला परवडते त्याने जरूर जावे. कुणाच्या आनंदावर विरजण घालण्यासाठी हा लेख नाही. प्रश्न आहे तो खाली राहणाऱ्यांचा.

एक तांत्रिक बाब समजून घेतली पाहिजे. एकच इंजिन असलेल्या हेलिकॉप्टरला मध्य लंडनवरून वाटेल तसे उडता येत नाही. त्याला ठरवून दिलेल्या मार्गांनीच जावे लागते आणि शहराच्या मध्यातून जाणारा मार्ग थेम्सच्या पात्रावरून नेलेला आहे. इंजिन बंद पडले तर यंत्र लोकांच्या डोक्यावर कोसळू नये, हा त्यामागचा हेतू. नियम चांगलाच आहे. पण त्याचा परिणाम असा की, आवाजाचा सगळा भार नदीच्या दोन्ही काठांवरच्या वस्त्यांवर येतो. लंडनचे एकमेव परवानाधारक हेलिपोर्ट १९५९ साली बॅटरसी येथे, नदीच्या दक्षिण काठावर सुरू झाले. त्याच्या आसपास नगरपालिकेने बांधलेल्या कामगार वसाहती आहेत.

बॅटरसी हे नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे असेच आहे. १९१३ साली जॉन आर्चर हा कृष्णवर्णीय कार्यकर्ता या बॅटरसीचा महापौर झाला. त्याचे वडील बार्बाडोसचे आणि आई आयरिश. त्याच बॅटरसीच्या उत्तर मतदारसंघातून १९२२ साली आणि पुन्हा १९२४ साली शापुरजी सकलातवाला ब्रिटिश संसदेत निवडून गेले. सकलातवालांचा जन्म मुंबईचा, जमशेटजी टाटांचे ते भाचे. पण त्यांनी मामाच्या गिरणीची बाजू न घेता कामगारांची बाजू घेतली. गोऱ्या कामगारांनी एका काळ्या माणसाला महापौर केले आणि मुंबईच्या एका पारशाला खासदार केले, असा हा भाग. हेलिकॉप्टर जेथून उडते त्या जमिनीचा हा इतिहास आहे, परंतु तिकिटात तो येत नाही. पुढे पूर्वेला काचेचे मनोरे दिसतात. ते जेथे उभे आहेत तेथे १८०२ साली वेस्ट इंडिया डॉक सुरू झाला, गुलामांच्या श्रमावर पिकवलेली साखर उतरवण्यासाठी. तो उभारण्यात पुढाकार घेणाऱ्या आणि स्वतः गुलामांचा मालक असलेल्या रॉबर्ट मिलिगनचा पुतळा २०२० सालच्या जूनमध्ये तेथून हलवावा लागला. हजार-दीड हजार फुटांवरून इमारती दिसतात, त्या कुणाच्या घामावर उभ्या राहिल्या ते दिसत नाही. त्यासाठी जमिनीवरूनच चालावे लागते.

आता कायद्याकडे वळू. जमीन ज्याची त्याचे वरचे आभाळही, असे इंग्रजी कायद्याचे एक जुने सूत्र होते. विमाने आली आणि हे सूत्र अडचणीचे ठरले. १९२० च्या ब्रिटिश कायद्याने ठरवले की, वाजवी उंचीवरून आणि नियम पाळून विमान गेले तर केवळ ते गेले म्हणून खाली राहणाऱ्याला अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा लावता येणार नाही. हीच तरतूद तेथे आज १९८२ च्या नागरी विमान वाहतूक कायद्याच्या कलम ७६ मध्ये आहे. तिच्यात खालच्या माणसाला एकच भक्कम हक्क ठेवला आहे. विमानातून काही पडले किंवा विमानच कोसळले आणि नुकसान झाले, तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही भरपाई मागता येते. म्हणजे डोक्यावर पडले तर दाद आहे, रोज कानावर पडते त्याला दाद नाही.

यात फक्त गरीबच हरला असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लॉर्ड बर्नस्टाईन या बड्या असामीच्या इस्टेटीचा एका कंपनीने विमानातून फोटो काढला आणि तो त्यांनाच विकायला आणला. त्यांनी दावा लावला. १९७७ साली न्यायमूर्ती ग्रिफिथ्स यांनी तो फेटाळला. जमिनीच्या आणि घराच्या नेहमीच्या वापराला लागेल तेवढ्याच उंचीपर्यंत मालकाचा हक्क, त्यावरच्या आभाळावर त्याचा जनतेतल्या इतर कुणाहून अधिक अधिकार नाही, असा तो निकाल होता. निकाल योग्यच आहे. आभाळ जमीनदाराच्या तावडीतून सुटले. पण सुटून कुणाकडे गेले? ज्याच्याजवळ यंत्र आहे त्याच्याकडे.

बरे, दिवाणी दावा नाही तर नगरपालिकेकडे जावे म्हटले, तर तेही दार बंद. १९९० च्या ब्रिटिश पर्यावरण संरक्षण कायद्यात आवाजाच्या उपद्रवाविरुद्ध कारवाईचे अधिकार नगरपालिकांना आहेत. शेजाऱ्याचा लाऊडस्पीकर त्या बंद करू शकतात. मात्र कलम ७९ च्या पोटकलम ६ ने विमानाचा आवाज त्यातून वगळला आहे. खेळण्यातले विमान तेवढे कायद्याच्या कक्षेत ठेवले आहे! मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात हिथ्रो विमानतळाजवळच्या रहिवाशांनी रात्रीच्या विमानांविरुद्ध दाद मागितली. २००३ साली मोठ्या पीठाने त्यांचा घरगुती जीवनाचा मुद्दा मान्य केला नाही. तेथील न्यायालयांत परिणामकारक उपाय उपलब्ध नव्हता, एवढे मात्र मान्य केले. हेलिकॉप्टरच्या आवाजावर लंडनच्या निर्वाचित सभेच्या पर्यावरण समितीने २००६ साली स्वतंत्र अहवाल काढला, यावरून लोकांचा त्रास किती होता ते कळते.

धोकाही खालच्यांच्या वाट्याला येतो. १६ जानेवारी २०१३ रोजी सकाळी धुक्यात व्हॉक्सहॉल येथे एक हेलिकॉप्टर बांधकामाच्या क्रेनवर आदळले. वैमानिक ठार झाला आणि रस्त्याने पायी कामावर चाललेला एक माणूसही ठार झाला. ती सहलीची फेरी नव्हती, हे स्पष्ट केले पाहिजे. पण ज्याने कधी तिकीट काढले नाही त्यालाही किंमत मोजावी लागते, एवढे त्यातून दिसले.

आता याच नदीकाठचा दुसरा खटला पाहा. टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय थेम्सच्या दक्षिण काठावर आहे. २०१६ साली त्याच्या नव्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर चारही बाजूंनी शहर पाहण्यासाठी सज्जा खुला झाला. प्रवेश फुकट. लाखो लोक तेथे आले. शाळेची मुले आली, कामगार आले, परदेशी प्रवासी आले. म्हणजे हेलिकॉप्टरने जे दाखवायला दोनशे पौंड लागतात त्यातले बरेच तेथे पैसे न देता दिसत होते. शेजारी काचेच्या भिंतींचे महागडे फ्लॅट होते. तिथल्या काही मालकांनी दावा लावला की, सज्जातले लोक आमच्या घरात डोकावतात, फोटो काढतात. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते हरले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सतत पाहिले जाणे हाही उपद्रव होऊ शकतो आणि सज्जा लोकांच्या उपयोगाचा आहे हा उपद्रव नाकारण्याचा बचाव होऊ शकत नाही, असे न्यायमूर्ती लेगट यांनी बहुमताच्या वतीने लिहिले.

या निकालातील तत्त्वाशी माझे भांडण नाही. घरात राहणाऱ्याला शांततेचा आणि खाजगीपणाचा हक्क असलाच पाहिजे, मग तो श्रीमंत का असेना. माझा प्रश्न मापाचा आहे. काचेच्या फ्लॅटवर पडणारी नजर हा उपद्रव ठरतो, कारण तेथे दाव्याची वाट मोकळी आहे. कामगार वसाहतीच्या छतावर पडणारी घरघर उपद्रव आहे की नाही, हे विचारण्याचीच वाट कायद्याने बंद केली आहे. पहिल्या ठिकाणी पाहणारे फुकट आलेले सामान्य लोक होते, दुसऱ्या ठिकाणी पैसे मोजून आलेले आहेत. लोकहिताचा बचाव संग्रहालयाला मिळाला नाही, पण सहलीच्या धंद्याला कलम ७६ चे कवच आयते मिळाले. न्यायाधीशांनी पक्षपात केला असे मी म्हणत नाही. विषमता निकालात नव्हे, कायद्याच्या रचनेत आहे. आणि रचना संसद बदलू शकते.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना बाबासाहेब तेथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि तेथे स्मारक उभे राहिले. पण निवासी घराचा संग्रहालय म्हणून वापर करायला कॅमडेनच्या नगरपालिकेने परवानगी नाकारली. निवासी जागा कमी होते, हे मुख्य कारण होते; आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीत येणाऱ्या लोकांच्या गर्दीचा व आवाजाचा मुद्दा होता. प्रकरण अपिलात गेले, चौकशी झाली आणि २०२० सालच्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. शेजाऱ्यांना तक्रार करण्याचा हक्क होता, तो त्यांनी वापरला, त्यांचे ऐकूनही घेतले गेले. तक्रार मोडून निघाली ती पुराव्यावर. हेच तर आपण मागतो! पायी चालत येऊन हात जोडणाऱ्या माणसाच्या आवाजाची चौकशी होते, तर डोक्यावरून जाणाऱ्या यंत्राच्या आवाजाचीही तशीच चौकशी व्हावी.

त्या घरापासून थोड्या अंतरावर प्रिमरोज हिल नावाची टेकडी आहे. १८४२ पासून ती सार्वजनिक आहे. तिच्यावरून सेंट पॉलचा घुमट दिसतो आणि ते दृश्य उंच इमारतींनी झाकले जाऊ नये म्हणून लंडनच्या नगररचनेत त्याला संरक्षण आहे. दृश्यही सार्वजनिक संपत्ती असू शकते, त्याचे रक्षण कायद्याने करता येते, याचा हा पुरावा आहे. मन असले की कायदा सापडतो.

काही जण म्हणतील, लंडनच्या आभाळाचे आपल्याला काय? त्यांच्यासाठी सांगतो. १९२० ची ती ब्रिटिश तरतूद आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्यात कलम १७ म्हणून जवळजवळ त्याच शब्दांत आली. स्वातंत्र्य आले, संविधान आले, तरी ती तशीच राहिली. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. हवाई पर्यटनाची भाषा आपल्याकडेही रुजली आहे. उद्या एखाद्या नदीकाठच्या जुन्या शहरात अशा सहली सुरू झाल्या, तर हेलिपॅडची जागा कुठे निघेल? बंगल्यांच्या कॉलनीत निघणार नाही. ती वस्तीला लागून, नाल्याकाठी, जिथे सातबाऱ्यावर आपले नाव नसते तिथे निघेल.

म्हणून लंडनच्या अनुभवातून एक धडा कार्यकर्त्यांनी घ्यावा. बॅटरसीच्या रहिवाशांना जे थोडे संरक्षण मिळाले ते विमान कायद्यातून मिळालेले नाही, जमिनीच्या परवानगीतून मिळाले. हेलिपोर्टच्या नगररचना परवानगीत वर्षाला १२,००० उड्डाणे आणि उतरणींची मर्यादा घातलेली आहे. यंत्र एकदा हवेत गेले की त्याला अडवणे कठीण. पण ते जेथून उडते ती जमीन नगररचनेच्या कक्षेत असते. तेव्हा जमिनीचा वापर बदलण्याची जाहिरात निघते, हरकती व सूचना मागवल्या जातात, त्या मुदतीत लेखी हरकत द्या. फेऱ्यांची संख्या, वेळ, सुटीचा दिवस, शाळा आणि दवाखान्याचे अंतर या अटी नावानिशी मागा. हरकतीची पोच घ्या आणि जपून ठेवा. मुदत टळल्यावर काढलेल्या दहा मोर्चांपेक्षा मुदतीत दिलेला एक कागद कोर्टात जास्त उपयोगी पडतो.

आभाळ सर्वांचे आहे, हे आम्हाला मान्य आहे. मग त्याच्या वापराचे नियम ठरवताना खालच्या वस्तीलाही विचारले गेले पाहिजे. ते विचारत नसतील तर आपण आपणहून जाऊन सांगितले पाहिजे.