‘निरंक’ का लिहिलंस?



गेल्या रविवारी वंदना आटोपून विहारातून घरी येतो तोच आमच्या चाळीतला एक मुलगा दारात उभा. नाट्यशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश अर्ज भरला होता, तो तपासून हवा होता. मुलगा गुणी. भीमजयंतीच्या पथनाट्यात दरवर्षी असतोच. अर्जात एक रकाना होता, ‘नाट्य-इतिहासाचे पूर्वज्ञान व त्यातील आवड’. त्याखाली पोराने एकच शब्द लिहिला होता, ‘निरंक’.

“अरे, हे काय?”

“काका, गेल्या वर्षी एका ठिकाणी मुलाखतीत शेक्सपिअर किती वाचला, संगीत नाटकं कोणती पाहिली, असं विचारलं. मला काही सांगता आलं नाही. आमच्या घरात तिकीट काढून नाटक कोणी पाहिलंय?”

मी त्याला घेऊन त्याच्याच घरी गेलो आणि आजीला विचारले, “आक्का, तुमचे वडील जलशात होते ना?” म्हातारी खुलली. वडील तुणतुणे धरायचे. दिवसभर मजुरी, रात्री गॅसबत्तीच्या उजेडात जलसा. तमाशातला गणपतीचा गण नाही, कृष्णाची गवळण नाही; आधी बाबासाहेबांना वंदन, मग मेलेली ढोरे ओढू नका, पोरांना शाळेत घाला, हे सोंगे आणून, हसवून सांगायचे. पोरगा तोंडाकडे बघतच राहिला. घरातली ही गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नव्हती. त्यात चूक आपली, थोरांची.

मग मी त्याला सांगत बसलो. सत्यशोधक जलशातून आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी त्यावर पुस्तकच लिहून ठेवले आहे. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीला १८४३ साली झाले, हे पाठ्यपुस्तकात सापडते. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ साली, क्रांतिबा जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. एका गर्भार कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला जोशीबुवा ग्रहांची भीती घालून कसे लुबाडतो आणि शेवटी ती दोघे शाळेची वाट कशी धरतात, त्याचे हे नाटक. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही.

त्यात एक विदूषक आहे. विदूषक म्हटले की मला अश्वघोष आठवतो. ‘बुद्धचरित’ लिहिणारा हा बौद्ध महाकवी नाटककारही होता. त्याच्या ‘शारिपुत्रप्रकरण’ या नऊ अंकी नाटकाचे ताडपत्रावरचे तुकडे मध्य आशियात सापडले आणि ल्यूडर्स या जर्मन पंडिताने ते १९११ साली छापले. आज हाती असलेल्या संस्कृत नाटकांत याहून जुने क्वचितच असेल. त्यात विदूषक शारिपुत्राला अडवतो, की ब्राह्मणाने क्षत्रियाचा उपदेश कसा घ्यावा? शारिपुत्र त्याला समजावतो, की हलक्या मानलेल्या जातीच्या माणसाने दिले म्हणून औषध रोग्याला लागू पडायचे थांबते काय? उन्हाने पोळलेल्याला पाणी गार करायचे थांबते काय?

पाण्याचे नाव निघताच आजी म्हणाली, “म्हणजे आपलं महाडचंच की!”

सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे नाटक आणि १९२७ चे तळे, म्हातारीने एका वाक्यात जोडले. मुलाखत घेणाऱ्यांना ते जमेल की नाही, कोण जाणे. पोराला मी हेही बजावले, की वाचनालयातून शेक्सपिअर आण. तोही वाचायचाच, तो टाळून चालणार नाही. प्रेमानंद गज्वींचे ‘घोटभर पाणी’ आणि दत्ता भगतांचे ‘वाटा पळवाटा’ मात्र आधी वाच.

‘निरंक’ खोडून त्याने लिहायला घेतले. रकाना चार ओळींचा, वेगळा कागद जोडावा लागला. लिहून झाल्यावर त्याने मोठ्याने वाचून दाखवले. आजी मध्येच म्हणाली, “माझ्या बापाचं नाव कुठाय त्यात?”

पोराने पेन पुन्हा उघडले.