घर आणि दार : गाडी उभी, तरी ऑइल म्हातारं!

सांगलीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र चार पानी आहे, पण मुद्दा एवढाच. घरात लहान पेट्रोल गाडी आहे. यजमान नोकरीसाठी पुण्याला, शनिवारी येतात नि रविवारी रात्री परत जातात. आठवडाभर गाडी या बाईच चालवतात. मुलीची शाळा, मंडई, सासूबाईंना व्यायामोपचाराला नेणं-आणणं, संपलं. वर्षभरात मीटरवर जेमतेम २,८०० किलोमीटर पडले. दीर म्हणतात, "वहिनी, दर तीन हजारांना ऑइल बदलायचं असतं." कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणतो, "ताई, कंपनीच दहा हजार सांगते. अजून तीन वर्षं बघायला नको." आणि यजमान म्हणतात, "मी आलो की बघतो." या सगळ्यात चौदा महिने गेले. "आता मी ऐकू तरी कोणाचं?" असं त्यांनी शेवटी विचारलं आहे.

ताई, तिघांचंही नको. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेचं ऐका. ती पुढच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली असेल, आणि बहुतेक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही आली नसेल. (माझीही तीन वर्षं आली नव्हती, म्हणून म्हणते.) तिच्यात मागच्या बाजूला देखभालीचा तक्ता असतो. आजच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांच्या तक्त्यात इंजिन ऑइलपुढे १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने असं लिहिलेलं सापडतं आणि पुढे चार शब्द असतात, जे आधी होईल ते. तुमच्या मिस्त्रीने पहिला आकडा वाचला आणि पुस्तक मिटलं. तुमच्या गाडीचे किलोमीटर व्हायचे आहेत, पण महिने दोन महिन्यांपूर्वीच होऊन गेले.

आता तुम्ही म्हणाल, वापरलंच नाही तर ऑइल खराब कसं होईल? बरणीतलं गोडं तेल न वापरताही खवट होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. इंजिनमध्ये त्याहून वाईट होतं. पेट्रोल जळलं की त्याचं नुसता धूर होत नाही, पाणीही होतं. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. खरं वाटत नसेल तर थंडीच्या सकाळी गाडी चालू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी बघा, थेंब ठिबकताना दिसतील. बहुतेक वाफ तिथूनच निघून जाते. पण थोडी पिस्टनच्या कडेने खाली झिरपते आणि ऑइलमध्ये उतरते. तिच्या जोडीला थोडं न जळलेलं पेट्रोलही उतरतं. गाडी लांब पळाली, ऑइल चांगलं कढलं, की ही वाफ नि पेट्रोल उडून जातं. मात्र ऑइल तापायला वेळ लागतो. काट्यावर दिसतं ते पाण्याचं तापमान, आणि पाणी लवकर तापतं. ऑइल मागून तापत राहतं, त्याला दहा-पंधरा मिनिटं सलग चालणं लागतं. तुमची शाळा सहा मिनिटांवर, मंडई आठ मिनिटांवर. म्हणजे दर फेरीला थोडं पाणी आत गेलं आणि तिथेच राहिलं. अशा वर्षाला पाच-सहाशे फेऱ्या धरा. त्यातून आम्ल तयार होतं, गाळ धरतो. ऑइलमध्ये आम्ल मारणारी आणि मळ धरून ठेवणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात, ती या कामात खर्ची पडतात आणि संपतात.

म्हणून मुंबईहून नागपूरला सरळ जाऊन आलेल्या गाडीचं ऑइल दीड हजार किलोमीटर पळूनही त्या मानाने ताजं असतं, आणि शाळा-मंडई करणारी गाडी दीड हजारातच ऑइल दमवते. पुस्तिकेत आणखी एक तक्ता असतो, खडतर वापराचा. तो आपल्यासाठी नाही, डोंगरातल्या ट्रकसाठी असेल, असं वाटून आपण पान उलटतो. वाचून बघा. धुळीचे रस्ते, सारखी थांबणारी रहदारी, आणि वारंवार अगदी जवळच्या फेऱ्या, असंच तिथे बहुधा लिहिलेलं असतं. म्हणजे गावातली बाई चालवते तो वापर कंपनीच्या लेखी सोपा नाही, खडतर आहे! त्या तक्त्यात मुदत कमी दिली असेल, सहा महिने म्हटलं असेल, तर ती धरा. काही वेगळं दिलं नसेल तर वर्षाच्या पुढे एक महिनाही नको. आणि दहा-पंधरा दिवसांतून एकदा गाडी अर्धा तास सलग पळवा. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जाऊन या, सासूबाईही खूश होतील. दारात उभी करून नुसतं इंजिन चालू ठेवणं मात्र त्यावर उपाय नाही, त्याने पेट्रोल जळतं आणि ऑइल काही धड तापत नाही.

आता दिरांचे तीन हजार. ते त्यांनी मनाने काढलेले नाहीत. अ‍ॅम्बॅसडर आणि फियाटच्या दिवसांत ऑइल साधं खनिज, पेट्रोल कार्ब्युरेटरमधून अंदाजाने पडणारं, आणि इंजिनांच्या फटी मोठ्या, त्यामुळे लवकर ऑइल बदलणं शहाणपणाचंच होतं. त्या सवयी गॅरेजांत टिकून राहिल्या. आजचं सिंथेटिक ऑइल आणि आजचं इंजिन यांना त्याची गरज नाही. तुमच्या इतक्याच वयाची एखादी गाडी महिन्याला हजार किलोमीटर हमरस्त्याने पळत असेल आणि कोणी दर तीन हजारांना ऑइल बदलायला लावत असेल, तर वर्षातून चार वेळा बदल होतो, एकाच्या जागी. लहान गाडीत एका वेळी तीन-साडेतीन लिटर ऑइल बसतं. हिशेब तुम्हीच करा.

दुसरी एक समजूत जाड ऑइलची. आपल्याकडे ऊन फार, म्हणून जाड ऑइल बरं, असं अजूनही पुष्कळ जण सांगतात. डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असं काहीतरी लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंड असताना किती सहज वाहतं ते सांगतो, लहान तेवढं बरं वाहतं. नंतरचा आकडा तापल्यावरच्या जाडीचा. जुन्या गाड्यांना २०डब्ल्यू-४० चालायचं. आजच्या इंजिनांतल्या ऑइलच्या वाटा बारीक असतात, तिथे जाड ऑइल सकाळी वेळेवर पोचत नाही. मिस्त्रीने पातळ ऑइल बघून नाक मुरडलं तर मुरडू द्या. पुस्तिकेतला आकडा कागदावर लिहून न्या आणि तोच मागा.

पण मैत्रिणींनो, बदलण्याची तारीख सांभाळली म्हणजे काम झालं असं नाही. हे मी मोल देऊन शिकले. २०११ साली आम्ही गाडीचं ऑइल एका गॅरेजमध्ये बदलून घेतलं. पावती घेतली, तारीख लिहिली, मी निर्धास्त. अडीच महिन्यांनी माहेरून परत येताना खंबाटकी घाट उतरल्यावर समोर एक लाल दिवा लागला. झारीसारखं चित्र, तोंडाशी एक थेंब. मला वाटलं, ऑइल बदलायची आठवण करत असेल, पण आत्ताच तर बदललंय! हे शेजारी बसले होते, तेही म्हणाले, "घरी गेल्यावर बघू." पुढे सहा-सात किलोमीटर गेलो असू. आधी टकटक आवाज, मग खडखड, मग गाडी बंद. ऑइल काढायचा खालचा बोल्ट नीट आवळलेला नव्हता. थेंब थेंब करत ऑइल गळून गेलं होतं. दारातल्या फरशीवर काळा डाग पडत होता, तो मी दोनदा स्वतः राखेने घासून काढला होता! बेअरिंगं गेली, इंजिन उघडावं लागलं, २८,००० रुपये झाले. त्या दिवाळीला घ्यायचा सोफा पुढे सहा वर्षं घेतला नाही.

तर तो लाल दिवा ऑइल जुनं झाल्याचा नसतो. इंजिनमध्ये ऑइलचा दाब पडल्याचा असतो, म्हणजे लोखंडावर लोखंड घासायला लागलंय. किल्ली फिरवल्यावर तो क्षणभर लागतो आणि विझतो, ते ठीक. चालत्या गाडीत लागला तर पुढचं गॅरेज, पुढचा पंप, घर, काहीही न बघता गाडी कडेला घ्यायची आणि लगेच बंद करायची. कोणी बरोबर असेल आणि "चल गं, काही होत नाही" म्हणालं, तरीही. गाडी ओढून नेण्याचा खर्च इंजिनपुढे काहीच नाही.

आणि त्या आधीच कळावं म्हणून महिन्यातून एकदा पट्टी बघायची. याला मिस्त्री लागत नाही, यजमानांची वाट बघायला लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. बॉनेट उघडा. पिवळ्या किंवा केशरी कडीची लांब पट्टी दिसेल. ती ओढून काढा, जुन्या सुती फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते धरायचं नाही, ते वर-खाली लागलेलं असतं. टोकाशी दोन खुणा असतात, ओल त्या दोहोंच्या मध्ये हवी. खालच्या खुणेशी आली असेल तर त्याच जातीचं ऑइल थोडं थोडं घालून परत बघा. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका, जास्त ऑइलही इंजिनला सोसत नाही. पट्टीवर ताकासारखं पांढुरकं, फेसाळ काही दिसलं तर गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवा. जवळच्या फेऱ्यांची ओलही तशी दिसते, पण इंजिन थंड ठेवणारं पाणी ऑइलमध्ये मिसळत असेल तर ती फार मोठी बिघाडी असते. ते ठरवणं आपलं काम नाही.

रंगावरून मात्र फसू नका. चकल्या तळून झाल्यावर कढईतलं तेल काळं झालं की आपण म्हणतो, गेलं. इंजिन ऑइल काळं होतं ते मळ पोटात धरून ठेवतं म्हणून, ते त्याचं कामच आहे. डिझेल गाडीचं तर बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं दिसतं. उलट सी.एन.जी.वर चालणाऱ्या गाडीचं ऑइल कित्येक महिने मधासारखं स्वच्छ दिसतं, कारण काजळीच होत नाही. तरी ते उष्णतेने झिजतच असतं. तारीख आणि किलोमीटर, हेच धरायचं.

डिझेलवाल्या बहिणींनी आणखी एक लक्षात ठेवावं. एप्रिल २०२० नंतरच्या नव्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारी जाळी असते आणि ती जाळून साफ व्हायला गाडी लांब पळावी लागते. नुसत्या गावातल्या फेऱ्यांनी ते काम अर्धवट राहतं आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, दाखवून घ्या.

स्कूटरचंही एकीने विचारलं आहे. बजाज-लॅम्ब्रेटाच्या काळात पंपावर पेट्रोलमध्येच ऑइल घालत, बदलायचा प्रश्नच नव्हता. आताच्या चार स्ट्रोकच्या स्कूटरमध्ये वेगळं ऑइल असतं आणि तेही लिटरच्या आत-बाहेर. एवढ्याशात थोडं जरी आटलं तरी मोठा फरक पडतो, म्हणून तिची पट्टी गाडीपेक्षा जास्त वेळा बघा. विजेच्या स्कूटरला आणि गाडीला इंजिनच नाही, त्यांना यातलं काही नको.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा शक्य असेल तर समोर उभ्या राहा. इंजिन कोमट असताना ऑइल काढलं की गाळ बरोबर निघून येतो. फिल्टर नवा घालायला सांगा, जुन्या फिल्टरमध्ये जुनं ऑइल असतंच. खालच्या बोल्टची वायसर नवी घाला म्हणावं, आणि बोल्ट आवळला का हे मी आता तोंडाने विचारते, कोणी हसलं तरी. नंतर दोन-तीन दिवस गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. घरी आल्यावर दिनदर्शिकेवर, जिथे दूध आणि गॅस सिलिंडरच्या तारखा लिहिता तिथेच, ऑइलची तारीख आणि मीटरचा आकडा लिहा आणि पुढच्या वर्षाची दिनदर्शिका आणली की तो आकडा तिच्यावर उतरवून घ्या.

काढलेलं काळं ऑइल दाराला, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावायला पुष्कळ घरांत मागून आणतात. नका आणू. त्यात त्वचेला घातक द्रव्यं असतात, कर्करोग होऊ शकतो अशीही असतात, आणि २०१६च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यातच मोडतं. गटारात किंवा झाडांच्या आळ्यात तर मुळीच ओतू नका, ते गॅरेजवाल्याकडेच राहू द्या, ते शुद्ध करून परत वापरणारे कारखाने असतात. रिकामा डबा मात्र तुमच्या पैशाचा आहे, तो मागून घ्या आणि भंगारवाल्याला देण्याआधी खिळा तापवून त्याला दोन-चार भोकं पाडा. नाहीतर त्याच डब्यात भेसळीचं ऑइल भरून तो पुन्हा एखाद्या दुकानाच्या फळीवर येतो.