आरमार कोणाच्या रक्षणासाठी?

मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात घडविलेल्या आणि १८१३ साली पाण्यात उतरलेल्या ७४ तोफांच्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवरच २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह होऊन शांघायसह चीनची पाच बंदरे इंग्रज व्यापाऱ्यांस खुली झाली, ही गोष्ट पनवेलकरांनी ध्यानात घ्यावी, कारण बंदरांचे ‘संरक्षण’ या गोंडस नावाखाली तेथे रक्षण झाले ते मुख्यत्वे अफूच्या नफ्याचे, आणि त्या अफूचा मोठा वाटा आपल्याच मुंबईतून रवाना होत होता.

त्याआधी जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या पलटणींनी एडन सर केले. आगबोटींना कोळसा आणि व्यापाराला पहारा मिळावा म्हणून घेतलेल्या त्या बंदराचा कारभार पुढे जवळजवळ शतकभर मुंबई इलाख्याकडे राहिला, पण ज्या रयतेच्या महसुलातून त्याच्या खर्चाचा भार उचलला गेला, तिची संमती कोणत्याही दफ्तरात नोंदलेली नाही.

आज पनवेलशेजारी न्हावाशेव्याचे बंदर १९८९ पासून चालू आहे आणि त्याच एडनच्या आखातात २००८ पासून आपले नौदल चाच्यांविरुद्ध गस्त घालीत आहे. ही गस्त आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु सागरी संरक्षणाचा हेतू आणि जमाखर्च लोकप्रतिनिधींपुढे उघडपणे मांडला जावा, असा आग्रह नागरिकांनी सतत धरला पाहिजे.