सही करण्याआधी करारनामा घरी आणा

तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनीतल्या मराठी घरांशी आणि भिलाई-दुर्गच्या मंडळींशी थोडं बोलायचं आहे. तुमचा मुलगा, भाचा किंवा जावई वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन म्हणून दुबईला, कतारला, सौदीला निघाला असेल, तर हे वाचून मग तिकीट काढा.

जाऊ नका असं सांगत नाही. बाहेरच्या कमाईवर घरं उभी राहिली आहेत, बहिणींची लग्नं झाली आहेत. पण तिथे हक्काचं काय मिळणार, हे बहुतेक इथे रायपुरातच ठरतं. कागद कच्चा असेल तर तिथला चांगला कायदाही कामाला येत नाही.

आधी एजंट पाहा. तो ओळखीचा आहे, त्यानं आपल्या कॉलनीतल्या दोघांना पाठवलं, एवढ्यावर भागत नाही. परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३ च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारचा परवाना लागतो. परवाना असलेल्यांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर आहे. ती घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला मोबाइलवर उघडायला सांगा. नाव नसेल तर पासपोर्ट हातात देऊ नका. "मी मुंबईच्या अमक्या एजन्सीचा माणूस" असं कुणी म्हणालं, तर त्या एजन्सीचा नंबर यादीतूनच घ्या आणि स्वतः फोन करा.

एजंटाला सेवेपोटी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. म्हणजे ३५,४०० रुपये. पावती मागा. कुणी लाख-दीड लाख मागत असेल तर उठून या. त्यासाठी शेत किंवा दागिने गहाण टाकू नका. डोक्यावर व्याज घेऊन गेलेला माणूस तिथे पगार थकला तरी तोंड उघडत नाही. नोकरी गेली तर हप्ता कसा भरू, हीच भीती त्याला असते. मालकालाही ते कळतं.

पर्यटक व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बदलून देतो, असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. तसं काम करणारा तिथे गुन्हेगार ठरतो. मग तक्रार कुठल्या तोंडानं करणार? थायलंडमध्ये कॉम्प्युटरचं काम आहे असं सांगून नेलेली आपली पोरं म्यानमारच्या सीमेवर डांबली गेली आणि त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली गेली. सरकारनं २०२२ पासून वारंवार सावध केलं आहे. शिकलेली पोरंच त्यात अडकली.

आता करारनामा. तो विमानतळावर हातात पडता कामा नये. आठवडाभर आधी घरी आणा आणि चारजणांनी बसून वाचा.

पगाराच्या ओळीवर बोट ठेवा. एकूण रक्कम पाहून खूश होऊ नका, मूळ पगार किती ते पाहा. समजा दुबईत २,००० दिरहम सांगितले आणि करारात मूळ पगार ८०० लिहिला, बाकीचे भत्ते. तिथे नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. ८०० च्या हिशेबानं वर्षाला ५६० दिरहम होतात. मूळ पगारच २,००० असता तर १,४०० झाले असते. पाच वर्षांत ४,२०० दिरहमचा फरक पडला, तोही एका आकड्यामुळे. ओव्हरटाइमही मूळ पगारावरच मोजतात. हे विचारायला लाजू नका.

राहायची जागा कुठली, एका खोलीत किती जण, हेही विचारा. १२ जून २०२४ ला कुवेतमध्ये मंगफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय गेले. झोपायची जागा हीसुद्धा कामाची अटच आहे.

तिथे पोचल्यावर पासपोर्ट मालकाकडे ठेवायचा नाही. अमिरात, कतार, सौदी, तिन्हीकडे तो काढून घेणं बेकायदा आहे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला मनाई आहे. मुकादम जबरदस्ती करत असेल तर तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा. पगार बँकेतूनच घ्या.

दहावी झालेल्यांना वाटतं, आपल्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी हवी असा शिक्का नाही, मग काळजी कसली! उलट त्यांनीच जास्त जपावं. ईसीआरवाल्याचे कागद आखातात जाण्याआधी सरकारी अधिकारी तपासतो. तुमचे कागद तपासायला तुम्हीच.

घरी एक फाइल ठेवा आणि ती घरच्या बाईला दाखवून ठेवा. पासपोर्ट, व्हिसा, करारनामा, एजंटाची पावती, कंपनीचा पत्ता, कॅम्पचं ठिकाण, तिथल्या दूतावासाचा नंबर. मुलगा चार दिवस फोन उचलत नसेल तर तुम्ही रायपूरहूनच 'मदद' या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तक्रार टाकू शकता. १८००-११-३०९० हा त्याच मंत्रालयाचा मोफत नंबर आहे. तक्रार टाकताना हीच फाइल समोर लागेल.

ईसीआरवाल्यांना प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख मिळतात. पॉलिसीवर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचा. लग्न झालं असेल तर बायकोचं नाव आलं का, तेही पाहा. मुदत संपायच्या आधी ती ऑनलाइन वाढवता येते. संपण्याची तारीख फाइलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.